मिठाचा ट्रक

दहिवर सुकल्याबिगर वेचा सुरू करता येत नाई,
ओला कापूस पिवया पडते.
म्हणून धुऱ्यावर बसलो होतो आमी चौघी,
पौषातलं ऊन अजून तुरीच्या शेंड्यावरच,
अन् गुंफाबाईनं काढलंच:
पंचफुला, सांग ना व, कसं हाय थे शिकागो?

काय सांगू.
प्रफुल्लले नाताळाच्या आठ सुट्ट्या होत्या.
त्यानं कागदावर यादी केली,
एक पाहून झालं का एक खोडे,
किराण्याच्या चिठ्ठीवानी.
एक इमारत, शंभराच्या वर मजले,
वर काचेची गॅलरी, पायाखाली बी काच.
मी चपला काढून ठेवल्या.
खाली पाह्यलं तं रस्ता म्हणजे सुतळी,
अन् तिच्यावर मोटारी, तांबड्या मुंग्या.
फोटोत मी हाव, पण डोये मिटून.

मंग तलाव, वणा नदीच्या पुरावानी,
पण पूर तं उतरते, हा उतरतच नाई.
मंग अजायबघर.
तिकिटाचे मी पहिले दोन दिवस रुपये करून पाह्यले,
मंग सोडून देलं, झोप लागेना.

चवथ्या दिवशी बसची वाट पाहून रायलो होतो.
वरतून काईतरी पडाले लागलं.
आपला पाऊस सांगून येते, टिनावर वाजते.
हे चोरावानी.
अन् कोणी वर पाहे बी ना!
एक बाई मोबाइल पुसे अन् पुन्हा पाहे,
पुन्हा पुसे.
मी एकटीच तोंड वर करून उभी.

"म्हणजे जिनातल्या रुईवानी?" शेवंता म्हणे.
नाई व.
बारा वर्सं जिनात होती मी, रुई मले शिकवू नको.
रुई नाकात जाते, रात्रभर खोकला आणते.
हे हातावर घेतलं तं
इवलंसं पाणी, अन् मंग थेबी नाई.

तेवढ्यात एक ट्रक आला, पिवया दिवा फिरवत,
मागून फर्रर्र काईतरी उधळत गेला.
हे काय रे पेरते?
"मीठ, आई. मंग रस्ता घसरत नाई."

धुऱ्यावर सगळ्याईचे हात थांबले.
"मीठ? खायाचं?"
"ट्रकनं?"
मथुराबाईनं तं कानालेच हात लावला:
"सांडलेलं मीठ मेल्यावर पापणीनं वेचा लागते व बाई.
इतकं कोण वेचन?"

मीबी थेच म्हटलं प्रफुल्लले.
हाच पोट्टा, पाचवीत होता,
मिठाची बरणी उलटवली होती यानं चुलीपाशी.
चिमणी लावून देली मी, अन् बसवला,
खडा खडा वेचाले लावला.
रडत होता, पण वेचत होता.
निजला थो तिथंच, मुठीत मीठ धरून.
मुठ उघडली नाई मी सकाळपर्यंत,
लाज वाटली.

थो हसला नाई.
रस्त्याकडे पाहत उभा होता,
टोपी कपाळापर्यंत, हात खिशात,
अन् पापण्याईवर पांढरं बसून रायलं होतं,
एकावर एक.
झटकेना.
मले वाटलं म्हणावं, पुरे झालं रे बाबू,
ऊठ आता.

"मंग?" गुंफाबाई म्हणे.

मंग काय, बस आली.
चला, उठा, दहिवर गेलं.
शेवंता, तू तिकडच्या ओयी धर,
अन् पाती नको येऊ देऊ व कापसात,
मागच्या वेच्याले लय येली होती.