मधली पिन

बुडाच्या चिठ्ठीवर छापलंय दोन पॉइंट सहा.
स्क्रीनवर शून्य पॉइंट सात आठ.
मी बंद करून पुन्हा चालू करते.
सात आठ.
तापलेल्या माणसाचा ताप तरी वरखाली होतो,
हा आकडा खिळा मारून बसवलेला.

अक्कलकोट रोड एमआयडीसी, एप्रिल, दुपारचे अडीच.
पत्र्याखाली चोवीस माग टॉवेल विणतायत
आणि काचेच्या खोलीत अंबादास कामूर्ती
मोराच्या मानेवर क्लिक करून
हात मांडीवर ठेवतात.
मोर येतो. आधी तुरा,
मग बऱ्याच वेळानं चोच.

मालक फोनवर म्हणाले होते,
"नसीमा, मशीन बघून घे एकदा. पण माणूसच थकलाय बघ.
आधी दिवसाला दोन डिझाइनं काढायचा,
आता दोन दिवसाला एक होईना.
गावाकडं पाठवावं म्हणतोय."

मी लॅपटॉप उलटा केला, स्क्रू वाटीत.
पंख्यात सुताचा लोळा, गुलाबी न् पिवळा,
कुठल्या तरी जुन्या ऑर्डरचा.
चिमट्यानं ओढला, तो वीतभर निघाला.
वाळून चुना झालेली पेस्ट खरवडली,
नवी लावली, तांदळाच्या दाण्याएवढी.
तापमान त्र्याण्णववरून एक्कावन्नवर आलं.
मला वाटलं, झालं.
सात आठ.

मग सेटिंगा. बचतीच्या सगळ्या काढल्या.
मग बायॉस, तोही मुळावर आणला.
अंबादासकाका स्टुलावर, एक शब्द नाही.
मधेच म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. चालूलालंय तेवढं बास."
बॅटरी एकोणतीस टक्के. सकाळी किती होती, विचारलं.
"एकोणतीसच असत्याय."
मी ऐकलं, आणि तसंच पुढं गेले.
एवढ्या वर्षांच्या धंद्यात
ही चूक माझी, लिहून ठेवते.

तेवढ्यात लाइट गेली.

चोवीस माग एकदम गप्प.
काकांचा हात सवयीनं बटणाकडं गेला,
लाइट गेली की बंद करायचं, मालकांची शिस्त.
मी मनगट धरलं.
आकडा हलला होता.
एक पॉइंट नऊ. दोन पॉइंट चार. दोन पॉइंट सहा.
त्या शांततेत, घामात, आम्ही दोघं वाकून बघत बसलो
जसं कुणी दुधाकडं बघतं.

वीज काढली तर धावतंय.
वीज दिली की रांगतंय.

अडॅप्टरचं टोक खिडकीपाशी नेलं.
बाहेरची नळी ठीक. आत, मधोमध,
सुईएवढी पिन असते, ती नव्हती.
त्या पिनेतून वीज जात नाही. ती फक्त सांगते
मी कोण, किती वॅटचा, माझ्यावर भरवसा ठेव.
ती मोडली तरी वीज येत राहते.
पण मशीन परक्याच्या हातचं खाल्ल्यासारखं
एकेक घास चाचपत बसतं.
बॅटरीत तर काहीच भरून घेत नाही.

पिशवीतला दुसरा लावला. लाइट आली.
माग एकेक करून जागे झाले,
कोपऱ्यातला नेहमीसारखा सगळ्यात शेवटी.
काकांनी मोरावर क्लिक केलं
आणि हात मांडीवर ठेवला.
मोर कधीचाच आलेला. चोचीसकट.
ते खाली बघत थांबले होते.

बिलावर मी लिहिलं: अडॅप्टर, पिन तुटलेली.
खाली, मालकांसाठी, मोठ्या अक्षरात:
दोष मशीनचा.
काका म्हणाले, "कधीपासनं, ते बी लिव्ह की.
म्हंजे कळंल त्यास्नी."
मी म्हटलं, ते कसं सांगणार?
ते बोटांवर महिने मोजत मागं गेले,
दिवाळी, दसरा, गणपती...
गौरी जेवायच्या दिवशी घाईत उठताना
पायात वायर अडकली होती.
लॅपटॉप टेबलावरनं पडता पडता
त्यांनीच झेलला होता.

बोटं तिथंच थांबली.

"तारीख ऱ्हाऊ दे," म्हणाले.
मी पेन मिटलं.
त्यांनी मोर पुसला आणि
नवा काढायला घेतला.