रोटीबरोबर एक

रिओनीच्या पुलापाशी, रस्ता बाजाराकडे वळतो
तिथे माझी भट्टी, रांजणासारखी, पोटात विस्तव.
सकाळी सातला ओरिस्या येते,
दीड लारी फळीवर ठेवते,
एक रोटी मागते आणि एक शब्द.

मी शब्द देतो.
वचन नव्हे; तसला शब्द मी बायकोलासुद्धा
जपूनच देतो.
हा नुसता शब्द, आमच्या भाषेतला, सुटा, गरम,
संध्याकाळच्या आत वापरायचा. नियम तिचाच.
रात्र उलटली की शिळा.

पहिल्या दिवशी दिला पुरी, म्हणजे रोटी.
दिवसभर ती पुरी पुरी करत हिंडली.
औषधवाल्याला म्हणाली, बसच्या ड्रायव्हरला म्हणाली,
घरमालकिणीने भाडं विचारलं, तिलाही.
दुसऱ्या दिवशी मारिली, मीठ.
मग च्र्दिली, सावली,
तीन व्यंजनं एकमेकांच्या खांद्यावर चढलेली.
ती दोनदा घसरली. तिसऱ्यांदा वर पोचली
तेव्हा रांगेतल्या म्हाताऱ्या त्सियालाने
पिशवी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

मग मामा.
आमच्याकडे मामा म्हणजे बाप, मी म्हटलं,
आणि आई म्हणजे देदा.
ती हसली. तिकडे मामा म्हणजे आई.
तिची मामा खेर्सोनमध्ये आहे,
चौथ्या मजल्यावर, बंद लिफ्टच्या वर,
मांजर सोडून यायला तयार नाही.
त्या दिवशीचा शब्द वापरलास का,
मी विचारलं नाही.
भट्टीत वाकलो, कणीक भिंतीला थापली,
आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ वाकून राहिलो.

खरी पंचाईत माझी झाली.
एकतीस वर्षं पीठ, पाणी, सरपण, उधारी
एवढ्यावरच माझी जीभ भागवत आली होती.
दोन महिन्यांत कोठाराचा तळ दिसला.
रात्री मी बायकोला हलवायचो,
लामारा, एखादा शब्द सांग ना.
ती म्हणायची, झोप.
मी म्हणायचो, तो मंगळवारीच दिला.

आजोबांच्या गावाहून केरा आणला, चूल.
गच्चीवरून बेघुरा, चिमणी.
झेग म्हणजे परवा, मझेग म्हणजे तेरवा.
तेरवा तिला फार आवडला.
घरी कधी जाणार, कुणी विचारलं
की म्हणते, मझेग.
गेल्या आठवड्यातही मझेग, आजही मझेग.
तेवढा एक शब्द शिळा होत नाही.

मार्चमध्ये चार दिवस ती आलीच नाही.
चार शब्द मी बाजूला काढले,
पीठ चाळताना तोंडात घोळवत राहिलो,
त्सियालाने मागितले, तिला दिले नाहीत.

पाचव्या दिवशी आली, डोळे सुजलेले,
आणि नेमका तेव्हाच तो लठ्ठ झौर
रांग मोडून पुढे घुसला.
मग काय सांगू!
माझा सगळा माल त्याच्या अंगावर गेला:
तुझ्या सावलीला कळते रांग, तुला कळत नाही?
तुझ्या बापाच्या चुलीत लाज जळाली का?
मिठाला तरी जाग,
चिमणीएवढी अक्कल घेऊन परवा ये,
परवा नाही जमलं तर तेरवा!
विभक्ती चुकत होत्या, नेम चुकत नव्हता.
झौर गप मागे जाऊन उभा राहिला.

शेवटी तिने एक शब्द असा फेकला
जो मी तिला दिला नव्हता.
रांग थिजली. त्सिया‍ला पोट धरून हसू लागली.
आणि मला तो येत नव्हता,
मला, इथेच जन्मलेल्याला.
मी रोटी दिली. दीड लारी मोजून घेतले.

रात्री लामाराला विचारलं, याचा अर्थ काय गं?
ती उठून बसली. दिवा लावला.
म्हणाली, हा कुणी शिकवला तुला?