रांजणात

गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला रांजण.
काखेतीत आमच्या प्रत्येक अंगणात असा एखादा असतोच,
द्राक्षांचा रस पोटात घेऊन थंडीभर गप्प बसणारा.
तोडणीच्या आधी मी त्यात उतरतो,
दोरी धरून, चेरीच्या सालींचा कुंचा कमरेला खोचून.

आत शिरलो की बोलतो.
सलग. काहीही.
डिझेलचा भाव, पावलेची लंगडी गाय,
परवाचं भांडण, जे मी वर हरलो होतो,
ते इथे दरवर्षी जिंकतो.
हात घासत असतात, लक्ष हातांवर,
आणि पहारेकऱ्याची पाठ वळली की पोरं कुंपण ओलांडतात
तसे शब्द.
माती प्रत्येक शब्द पुरा ऐकून परत देते.
मध्ये तोडत नाही.

वर उजेडात तोच मी.
पुरी हवी असते. आमच्याकडे भट्टीतल्या पावाला पुरी म्हणतात.
तिच्या प-पाशी ओठ मिटतात ते मिटतातच.
मागे रांग. गल्ल्यावर नानुलीबाईंची भुवई किंचित वर.
मला माझेच ओठ दिसू लागतात, बाहेरून, तिच्या डोळ्यांनी,
आणि दिसलेले ओठ हलत नाहीत.
मग मी साखर मागतो. साखर म्हणता येतं.
घरी साखरेची चौदा पुडकी आहेत.
आई विचारत नाही.

नावाला मात्र प्रतिशब्द नसतो.
लष्करात, हजेरीला,
माल्खाजच्या म-वर मी एवढा वेळ उभा
की हवालदार म्हणाला, विसरलास काय स्वतःला?

त्सिआलाचं लग्न.
टेबलाला टेबल जोडत पार अक्रोडाच्या झाडापर्यंत.
अंब्रोसीकाका तामादा, म्हणजे पंगतीतल्या शब्दांचा यजमान:
तो सांगेल त्याने उठायचं,
आणि बोलल्याशिवाय प्यायचं नाही.
सातवा प्याला भावाचा.
आठवडाभर तो मला अंथरुणात पाजला जात होता.
रांजणात पाठ होतं सगळं,
चार वाक्यं, लोण्यासारखी.

शिंग हातात आलं. भरलेलं शिंग खाली ठेवता येत नाही.
शंभरेक चेहरे. सगळे दयाळू, हीच तर अडचण.
मावशी माझ्यासोबत ओठ हलवू लागली.
आवाज होऊ नये म्हणून कुणीतरी काटा हळूच ठेवला.
ते हळूच मला ऐकू आलं.
अंब्रोसीकाका सभ्यपणे ताटात बघत राहिला;
न बघणाऱ्याची नजर सगळ्यांत जड.
त्
त्
बहिणीच्या नावाच्या उंबऱ्यावर मी,
मान ताठ, डावा डोळा घट्ट
(हे नंतर व्हिडिओत दिसलं).

तेवढ्यात कुत्र्याने टेबलक्लॉथ ओढला.
"अरे, सुरई धरा!"
कोण बोललं म्हणून मीच वळून पाहिलं.
सुरई वाचली.
"बघ, येतं की तुला!" मावशी म्हणाली,
आणि त्या 'येतं की'ने
दाराला पुन्हा आतून कडी लागली.

चारांतलं एक वाक्य बोललो.
किती वेळ लागला कोण जाणे; वाइन मनगटावरून बाहीत उतरली होती.
त्सिआला बघत होती, ओठ न हलवता,
पायरीवर मी बुटाची नाडी बांधायला शिकायचो
तेव्हा शेजारी बसायची तशी,
जणू कुठे जायचंच नाहीये.

आज पुन्हा रांजणात.
उरलेली तीन वाक्यं मातीला देत होतो
तर तोंडाशी उजेड कमी झाला.
नानुलीबाईंचा नातू. नुसतं डोकं.
"कोणाशी बोलतोयस?"

जीभ जागीच थिजली.
पण तो उत्तरासाठी थांबला नव्हता.
बादली खाली सोडत होता, दोरी हाताला काचत,
सगळा जीव त्या गाठीत.
मीही गाठीकडे बघितलं.

"म्-मातीशी," म्हणालो.
"जरा डावीकडे घे. हां. सोड आता."