रविवारची गोळी

रिपोर्टात आकडा नऊ. तीस तरी हवा होता.
दर रविवारी एक, दुधाबरोबर, डॉक्टर म्हणाले.
म्हणजे रवीच्याच वारी
पडदे ओढून, एसी लावून
मी ऊन गिळायचं,
आणि बाहेर बडोद्याचा मे
डांबर वितळवत उभा.

आठवी गोळी झाली, तेव्हा ठरवलं, पुरे.
पिशवी घेऊन खंडेराव मार्केट गाठलं.
तांदुळजा, शेवगा, पावशेर तीळ.
आई म्हणायची, ताटात असलं की
बाटलीत शोधावं लागत नाही.

कंकुबेन सकाळपासून उन्हात,
मानेवर घामाची पांढरी रेघ.
जुड्या माझ्या पिशवीत कोंबल्या,
मग कमरेच्या बटव्यातून काढली
चुरगळलेली पट्टी, चार गोळ्या उरलेली.
"बेन, आ सवारे के सांजे?"

लोहाच्या होत्या.
हिरव्या ढिगामागे बसून
ती मला लोहाची वेळ विचारत होती.

जेवल्यावर, म्हटलं. वर लगेच चहा नको.
ती हसली. चहावरच तर दुपार निघते.
दोन लिंबं टाकली वरून, पैसे न घेता.

नववी गोळी फ्रिजवर आहे अजून.
आज शनिवार.
गॅलरीत तांदुळजा निवडतेय,
बाह्या कोपराच्या वर सारून.