निनावी बटण

पायसांदूत मॅच साडेतीनला सुरू होते.
मी तीनलाच बसतो,
मैदानाचं दार सापडेपर्यंत माझा अर्धा तास जातो.

लिंक. लिंक. टायरच्या दुकानाची जाहिरात. लिंक.
कुकीज मान्य आहेत का?
आहेत बाई, आहेत.
बटण. नाव नाही.
बटण. नाव नाही.
बटण. नाव नाही.

ही यंत्रातली बाई इतकी भरभर बोलते
की पाव द्यायला येणारा पोरगा विचारतो, कोण भांडतंय?
मी बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजवर काढली,
घाईतल्या माणसांचं मला काही वाटत नाही.
गेल्या रविवारी तिसरं निनावी बटण दाबलं होतं.
आज पाचवं निघालं.

आणि एकदम, काही न सांगता, मैदान.
माइकवर नदीचा वारा,
कुठेतरी मागे ढोल, त्याहून मागे शेंगदाणेवाला,
आणि ओरोस्मानचा घसा,
सर्दी झालेला, तरी बॉलच्या पुढे धावणारा.
"डावीकडून, डावीकडून, अजून डावीकडून..."
"बॅटरी दहा टक्के," बाई म्हणते.
मेली. नेमकी तेव्हाच.
डावीकडून पुढे काय झालं ते मला कधीच कळणार नाही.

पूर्वी नेल्सन न्यायचा.
(मी वॉशिंग्टन, तो नेल्सन.
आमचे वडील गोदीत. जहाजांवर रंगवलेली नावं
घरी आणायचे, पोरांना घालायचे.)
सिमेंटच्या पायरीवर तो माझ्या कानाशी बसायचा,
तोंडाला संत्र्याचा वास, खांद्याने खांदा ढकलत,
सगळी मॅच माझ्यात ओतायचा.
एकदा आम्ही बंदरवाले दोन-एकने जिंकलो.
रस्ताभर गात आलो. मी जरा जास्तच.
सोमवारी न्हाव्याकडे कळलं, हरलो होतो. तीन-शून्य.
घरी येऊन विचारलं तर म्हणाला,
"तुझा चेहरा पाहवेना रे. म्हणून दोन मारले."
आणि त्यांचा एक?
"तो खरा वाटावा म्हणून."

आता नेल्सन नाही.
आमच्या स्टेशनाचा टॉवरही भंगारात गेला,
कानाशी धरायचा ट्रान्झिस्टर नुसता खरखरतो.
आता आवाज कुठून कुठे फिरून येतो कोण जाणे,
मैदान इथून अकरा गल्ल्या,
आणि बातमी चाळीस सेकंद उशिरा.

वरच्या मजल्यावर मिर्ता. रेल्वेवाल्यांची.
तिच्याकडे टीव्ही, टीव्हीला उशीर नाही.
ती किंचाळली की मी समजतो, गेलं.
आणि इकडे ओरोस्मान अजून मध्यरेषेवर,
मोठ्या आशेने बोलतोय.
बिचाऱ्याला सांगावंसं वाटतं,
बाबा, घसा जप, पुढे काही नाही.

आज शेवटची दोन मिनिटं. शून्य-शून्य.
पेनल्टी. आपली.
ओरोस्मान म्हणतो, बॉल ठेवला, मागे सरकला.
म्हणजे वर केव्हाच होऊन गेलंय.
मी छताकडे कान लावला.
वर किंचाळी नाही. टाळी नाही.
खुर्ची सरकली. चार पावलं.
नळ. किटलीत पाणी.

हरलेलं माणूस आणखी काय करणार?

मी उठलो. खिडकी उघडली.
छप्पन्न वर्षांच्या श्वासाने ओरडलो, गोऽऽऽऽल!
खालचा कुत्रा भुंकला, कुणीतरी सायकल थांबवली,
मी पुन्हा ओरडलो, नेल्सनच्या वाटचं.

मग मागून, सर्दी झालेल्या आवाजात:
"...खांब! खांबाला लागला! देवा, खांबाला!"

वरची खिडकी उघडली.
"वॉशिंग्टन, कसला गोल? कुठला गोल?
मी चहाला उठले तेवढ्यात झाला की काय?"

मी मान वर केली. तोंडाला कुठूनसा संत्र्याचा वास.
"झाला," म्हटलं. "डावीकडून."
ती टीव्हीकडे धावली. पावलं मोजली मी, चारच.

खाली बसलो.
बाई म्हणाली, पान पुन्हा सुरू झालं.
बटण. नाव नाही.
असू दे. मी ठेवलंय.