वल्ह्याला कान

इसहाक होडेकर, वय एकसष्ट, राजिवडा.
डाव्या कुशीवर व्हा, चाचा.
जेल थंड लागेल.

"थंड? जानेवारीत पहाटे
भाट्याच्या खाडीत उतर गो एकदा."

दोन वाटा बंद, तिसरी अरुंद.
मुंबईने परत पाठवलेला,
जोडायला धड शीर उरली नाही म्हणून.
सहीआधी सगळं वाचून दाखवलं होतं मी,
'फायदा होईलच असं नाही'
हे दोनदा.

सलाईनमधून बुडबुडे सोडते.
तांबड्या पेशीहूनही लहान,
आत वायू, वर चरबीचं पातळ साल,
सालीवर चिकटवलेला निरोप:
इथे नवी वाट फोड.

पडद्यावरचं हृदय दुधाळ होत जातं.
एक कोपरा तेवढा काळा,
भरती न पोचलेल्या खाजणासारखा.

त्या कोपऱ्यावर मी आवाजाचा जोर वाढवते.
खोलीत पंख्याशिवाय काही वाजत नाही.
आत मात्र बुडबुडे फुगतात, आकसतात, फुटतात,
फुटताना बारीक नळीच्या भिंतीला
चिमटा काढतात.
भिंत दचकते, निरोप आत घेते.
बहुधा.

तुमच्या बोटीवर मासे दाखवणारं यंत्र आहे ना,
तसंच हे, मी सांगते.
"ते पोरांचं," तो म्हणतो.
"माझा बाप वल्हं पाण्यात उभं धरायचा
नि मुठीला कान लावायचा.
खाली ढोमा कुरकुरत असला
की लाकडातून वर यायचं.
तू काय ऐकतेस?"

मी ऐकत नाही, चाचा. नुसती बघते.

"मग कसं कळणार?"

सहा आठवड्यांनी
काळ्या कोपऱ्याच्या काठावर एक करडी रेघ.
सावली असेल.
माझा हात हलला असेल.
रेघ मोजली, रकान्यात लिहिलं: अनिश्चित.
तो शर्टाची बटणं लावत म्हणाला,
जेटीच्या पायऱ्या परवा एका दमात चढलो,
हातात बर्फाची पाटी होती,
तेही लिही.
त्याला रकाना नव्हता.

घरी जाताना भाट्याच्या पुलावर गाडी थांबवली.
मुखाशी वाळू साठलेली, दोन होड्या खोळंबलेल्या,
आणि वाळूच्या आडून, कुणी न खणलेल्या
बोटभर वहाळांनी
पाणी आत शिरत होतं.

कठड्याला कान लावला.
देवगडची एसटी गेली, लोखंड थरथरलं.
बाकी काही नाही.
थोडा वेळ
तसाच राहू दिला.