रुमालाखाली

यंदा चार लाख दहा हजार.
वीस वर्षांपूर्वीही एवढेच होते,
तेव्हा एवढ्यात एक भिंत भरायची.

तीन वाजता ग्रंथालय समिती.
रसायनाचे मगदूम सर म्हणतात,
नियतकालिकं डॉलरात येतात मॅडम,
डॉलर काय शाहूपुरीत पिकत नाही.
खरंय.
वाटपाचं सूत्र मीच मांडलेलं:
पटसंख्येला चाळीस गुण, किमतीला तीस,
देवघेवीला तीस.
तत्त्वज्ञानाला आले सहा हजार दोनशे.
विभागात एकच बाई, त्याही तासिका तत्त्वावर.
त्यांना बैठकीचा निरोप जात नाही.

माझे वडील गुळाच्या बाजारात दिवाणजी.
सांगायचे, पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा.
बोटं बोटांना भाव सांगायची,
वर तोंडं हवापाण्याचं बोलायची.
पण त्याआधी रव्याचा कोपरा फोडून
चिमूट जिभेवर ठेवायचीच,
मग आकडा.

पुस्तकाचा कोपरा कुठून फोडायचा?

क्षारपड जमिनींवरचं एक जाडजूड पुस्तक आहे,
संदर्भ विभागातलं, घरी न्यायला मनाई.
शिरोळकडची संजीवनी आवटी
दोन वर्षं खिडकीशी बसून ते वाचत होती,
डब्यातली भाकरी संपेपर्यंत एक प्रकरण,
एसटी चुकली तर दीड.
मधली पन्नास पानं बोटांनी पिवळी झालीत,
शिवण सुटलीय.
देवघेवीच्या रकान्यात
त्याच्यापुढे शून्य.

शून्याला नवी आवृत्ती मिळत नाही.
सूत्र माझंच.

प्राचार्य म्हणाले, मग करूया मंजूर?
टेबलाखाली माझी बोटं चालली होती,
आपोआप, वडिलांसारखी:
दोन हजार आठशे, वजा दहा टक्के सूट,
कुठून, कुठून.
‘बांधणी’ या शीर्षाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.
मी म्हटलं, किरकोळ दुरुस्ती आहे एक.
सगळ्यांनी माना हलवल्या. चहा आला.

एकतीस मार्चला, उन्हं कलल्यावर,
बाइंडर नदाफचाचा आले.
फाटकी पुस्तकं मोजली, पुन्हा मोजली,
सायकलच्या कॅरिअरला सुतळी आवळताना म्हणाले,
यंदा गठ्ठा हलकाच की वो मॅडम.

मी म्हटलं, ऊन फार वाढलंय, चाचा.
रंकाळ्याकडून जावा, सावली आहे.